डिझेलची पेट्रोल झालेली गाडी

माझ्या साडूंच्या घरातली एकही वस्तू जन्मली तशी राहिलेली नाही. कारखान्यातून ती ज्या कामासाठी निघाली ते काम केव्हाच सोडून ती मोहालीतल्या त्या घरात दुसऱ्याच कुणाचं तरी काम बघत सुखाने नांदते आहे. त्यांच्या मिक्सरला पंख्याचा रेग्युलेटर आहे. त्यामुळे चटणी ‘तीन’वर वाटायची की ‘चार’वर, असा प्रश्न माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या ताईंना, रोज सकाळी पडतो. वॉशिंग मशीनच्या झाकणाला फ्रिजच्या दाराचं रबर आहे आणि फ्रिजच्या दाराला खिडकीची कडी आहे. मध्यंतरी दारावरची बेल बिघडली, तेव्हा साडूंनी तिथे टेम्पो मागे घेताना वाजतो तो भोंगा बसवला होता. बटण दाबलं की आतून एक बाई ‘कृपया ध्यान दें, गाड़ी पीछे आ रही है’ असं ओरडायची आणि नवा कुरियरवाला दोन पावलं मागे सरायचा. ताईंनी तीन दिवस अबोला धरला तेव्हा कुठे तो भोंगा उतरला. या सगळ्यामागचं साडूंचं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावतं: “बसतंय की!” कुठल्याही वस्तूत कुठल्याही वस्तूचा भाग बसतो, बसत नसेल, तर आपण कानस नीट चालवलेली नाही.

साडू मूळचे कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातले. मोहालीच्या एका कंपनीत ते टेस्टर आहेत, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणे हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय. ऑफिसात ते हळू आवाजात शुद्ध इंग्रजी बोलतात. घरी आले की बूट आणि इंग्रजी एकदमच काढतात. माझी बँकेत चंडीगढला बदली झाली आणि सेक्टर बावीसमध्ये आम्ही दोन खोल्या घेतल्या, तेव्हा स्वागत म्हणून ते आम्हाला तिथल्याच एका ढाब्यावर पराठे खायला घेऊन गेले. ताटं आली आणि साडू गंभीर झाले.

“पाव्हणं,” ते मला म्हणाले, “टेबल डुलतंय.”

“डुलू द्या हो. खाऊन निघायचंय आपल्याला.”

“आपण निघू. टेबल हितंच ऱ्हाणार हाय.”

आणि ते टेबलाखाली गेले. त्यांच्या खिशात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कायम असतात. गिऱ्हाइकाचं काहीतरी हरवलं असं समजून ढाब्याचा मालकही दुसऱ्या बाजूने खाली वाकला. दोघेजण बराच वेळ खाली होते. आमचे पराठे गार झाले. वर आले तेव्हा दोघांच्या गुडघ्यांना धूळ होती आणि त्यांची जन्माची दोस्ती झाली होती. तेव्हापासून त्या ढाब्यावर आम्हाला न मागता लोणी मिळतं; फक्त दर खेपेला साडूंना एक टेबल तपासून द्यावं लागतं.

त्यांच्या आई, म्हणजे आमच्या काकी, दोन वर्षांपूर्वी गाव सोडून त्यांच्याकडे राहायला आल्या. काचबिंदूने त्यांची नजर गेल्यातच जमा होती. उजेड कळायचा, माणूस आकारावरून कळायचा, चेहरा कळायचा नाही. हिंदीचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पंजाबीचा तर प्रश्नच नव्हता. पण शेजारच्या पंजाबी आजींशी त्या कुंपणावरून तासन् तास गप्पा मारायच्या. एक जण गुडघ्याबद्दल बोलायची आणि दुसरी सुनेबद्दल, आणि दोघींचं पूर्ण एकमत व्हायचं. घरातलं काम मात्र ताई त्यांना करू देत नसत. गॅसजवळ जायचं नाही, विळीला हात लावायचा नाही. शेवटी काकींनी एक काम स्वतःहून घेतलं. संध्याकाळी साडूंची गाडी घरी यायची तेव्हा फाटक उघडायचं ते त्यांनीच. ती गाडी होती डिझेलची, बारा वर्षांची, आणि तिच्या आवाजाला तोड नव्हती. कोपऱ्यावर वळली की काकी व्हरांड्यातून उठायच्या, भिंतीला हात लावत फाटकापर्यंत जायच्या, कडी काढायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. त्यांच्या आधी दुसऱ्या कुणी कडीला हात लावला तर त्या दिवशी जेवण नीट व्हायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या मणक्याला बारीक चीर गेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, आराम करा, दर दोन महिन्यांनी दाखवायला आणा, धक्के टाळा. मोहालीहून चंडीगढच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता तुपासारखा आहे. रस्त्यावर धक्का लागणं शक्यच नाही. पण आमच्याकडचे सिग्नल लांबलचक. गाडी सिग्नलला उभी राहिली की ते जुनं डिझेल इंजिन जागच्या जागी थडथडायचं आणि दाराच्या काचा दातांसारख्या वाजायच्या. साडूंनी पहिल्या फेरीत शेजारी पाहिलं, तर काकींनी ओठ घट्ट मिटून वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. रात्री मला साडूंचा फोन आला.

“पाव्हणं, इंजिन बदलायचं. ह्याच गाडीची पेट्रोलची पण एक जात निघाली हुती. तिचं इंजिन ह्यात टाकायचं.”

“अहो, मग सरळ पेट्रोलची दुसरी गाडी घ्या की!”

मग ते म्हणाले, “आईचा हात त्या दाराला बसलाय ओ. कडी कुठं हाय, पाय कुठं टाकायचा, सीट किती खाली हाय, समदं तिला न बघता कळतंय. नव्या गाडीत ती पुन्हा आंधळी हुणार.”

“रविवारी मी येतो बरोबर,” मी म्हणालो.

चंडीगढलगतच्या मनीमाजराच्या मोटर मार्केटमध्ये साडूंच्या ओळखीचे एक म्हातारे सरदारजी मिस्त्री आहेत. त्यांनी साडूंचं म्हणणं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि सांगितलं, “बाऊजी, नवी गड्डी लै लओ.” मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: इंजिन बदललं की गिअरबॉक्स बदलणार, वायरिंग बदलणार, टाकी बदलणार, टाकीतला पंप बदलणार, सायलेन्सर बदलणार. मग उरलं काय? “दरवाज्जे,” ते म्हणाले. साडू म्हणाले, “मला दरवाजेच हवेत,” आणि आईची सगळी हकिकत त्यांना आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगितली. सरदारजींनी हातातला पाना खाली ठेवला. “बेबे लई ऐ?” त्यांनी विचारलं. आईसाठी आहे? “फेर तां करना ही पऊ.” मग तर करावंच लागणार.

मागून चेपलेली पण पुढून शाबूत अशी त्याच मॉडेलची एक पेट्रोलची गाडी त्यांनी शोधून काढली. त्यानंतरचे चार रविवार माझं आयुष्य बॅटरी धरण्यात गेलं. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण साडूंच्या मते प्रकाश पाडायला ज्ञान लागत नाही. जुनं इंजिन साखळीने वर उचललं गेलं तेव्हा साडूंनी पायातल्या चपला काढल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलं. प्रत्येक वायर कुठून सुटली आणि कुठे जोडायची याच्या चिठ्ठ्या त्यांनी मराठीत लिहून चिकटवल्या होत्या. त्यामुळे मिस्त्रींना दर पाच मिनिटांनी “बाऊजी, ए की लिखया?”, हे काय लिहिलंय, असं विचारावं लागत होतं. नवं इंजिन बसलं आणि गाडीचं नाक चार बोटं वर आलं, कारण पेट्रोलचं इंजिन वजनाला हलकं. गाडी एखाद्या मानी व्याह्यासारखी हनुवटी वर करून बघायला लागली. मग पुढच्या स्प्रिंगाही बदलल्या.

गाडी नोंदणीच्या कार्यालयातून इंजिन बदलायची परवानगी साडूंनी आधीच काढून ठेवली होती. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला म्हणे. स्वस्त इंधनाकडून महाग इंधनाकडे जाण्यासाठी अर्ज करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. पेट्रोल पंपावर वेगळीच तऱ्हा. टाकीच्या झाकणावर ठळक ‘डिझेल’ लिहिलेलं, आणि साडू म्हणतायत पेट्रोल घाला. पंपावरचा माणूस हात जोडून म्हणाला, “सरजी, मेरी नौकरी चली जाएगी.” घरी आल्यावर साडूंनी झाकणावर ‘पेट्रोल’ असं चार भाषांत लिहिलं: मराठी, हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी. मराठी आणि हिंदीतलं पेट्रोल सारखंच दिसतं, हे मी दाखवून दिलं, तर म्हणाले, “असू द्या. वाचणाऱ्याला आपलं वाटलं पायजे.”

आता खरी गोष्ट. काकींना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. गाडी दुरुस्तीला टाकली आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. महिनाभर साडू ऑफिसच्या गाडीने कोपऱ्यापर्यंत यायचे आणि तिथून चालत घरी. गाडी तयार झाल्यावर तरी सांगतील, असं मला वाटलं. पण इथे त्यांच्यातला टेस्टर आडवा आला.

“दवाखान्याची तारीख पंधरा दिवसांवर हाय,” ते म्हणाले. “त्या दिवशीच तिला बसवायचं. आधी सांगितलं तर ती म्हणणार, लई भारी हाय, काय दुखत न्हाई. माझं मन राखायला म्हणणार. टेस्टरला आधी काय सांगायचं नसतं, पाव्हणं. तरच खरा निकाल कळतो.”

ताईंना आणि मला त्यांनी शपथ घातली. गाडी घरामागच्या गल्लीत, बागेच्या कडेला उभी राहिली आणि साडू रोज संध्याकाळी ती तिथे लावून चालत पुढच्या दाराशी येऊ लागले. निकाल खरा यावा म्हणून माणूस किती आंधळा होऊ शकतो, हे मला पुढच्या रविवारी कळलं.

त्या दिवशी मी आणि बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बायका स्वयंपाकघरात होत्या, साडू मागच्या गल्लीत गाडी पुसत होते. काकी व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“बाबा, एक इचारू? खरं सांगशील?”

“विचारा की, काकी.”

“गाडी इकली न्हवं त्यानं?”

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायला बंदी होती.

“दीड महिना झाला, चालत येतुया पोरगं,” त्या सांगू लागल्या. “पायताण वाजतंय मला. इचारलं की म्हनतुया, दुरुस्तीला हाय. अशी कंची दुरुस्ती असती? माझ्या डोळ्यापायी आन् ह्या पाठीपायी इकली त्यानं. एवढा सायब झाला, आन् आईपायी पायी हिंडतुया.”

“काकी, तसं नाही...”

“ऱ्हाऊ दे. तुला सांगाय न्हाई यायचं.” त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. “माझं एक काम कर. मला गाडीत बसवून दे कऱ्हाडच्या. हितं फाटक उघडायचं एक काम हुतं, ते बी गेलं. खाटंखाली बोचकं हाय, बांधून ठिवलंय.”

मी आत जाऊन बघितलं. खाटेखाली खरंच बोचकं होतं. फटीतून दोन लुगडी आणि औषधांचा डबा दिसत होता, शेजारी टॉवेल गुंडाळलेली काठी. आंधळ्या हातांनी मारलेली गाठ, पण पक्की.

मी अनवाणीच मागच्या गल्लीत धावलो. साडूंनी माझं ऐकता ऐकता हातातलं फडकं दोनदा घडी केलं आणि दोनदा उलगडलं. मग त्यांनी गाडी सुरू केली, ती तशीच ठेवली आणि मला म्हणाले, “हितं थांबा.” थोड्या वेळाने ते काकींना धरून घेऊन आले.

“कुठं नेतुयास?”

“चल तर.”

त्यांनी काकींचा हात गाडीच्या दारावर ठेवला. काकींच्या बोटांनी कडी शोधली, काचेची कड शोधली, दाराखालचा जुना पोचा शोधला. “आगं बया,” त्या म्हणाल्या, “ही तर आपलीच की रं!”

“आपलीच.”

“इकली न्हाईस?”

“न्हाई आई.”

“मग अशी बंद करून का ठिवलीस?”

“बंद न्हाई. चालू हाय.”

काकींचा विश्वास बसेना. साडूंनी त्यांना पुढे नेलं आणि त्यांचा तळवा बॉनेटवर टेकवला. काकींनी कान जवळ नेला. बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. “व्हय की,” त्या म्हणाल्या. “मांजरावानी घुरघुरतीया.” मग साडूंनी इंजिनाची सगळी हकिकत सांगितली. सिग्नलवर तू हँडल धरून बसायचीस ते मला दिसायचं, म्हणाले. काकींनी चाचपडत त्यांच्या गालाला हात लावला. “लई केलंस बाबा,” त्या म्हणाल्या. आणि मग एकदम, अगदी साधा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, “पर आता तू आल्यालं मला कसं कळायचं रं?”

साडूंनी हातातलं फडकं पुन्हा घडी केलं आणि पुन्हा उलगडलं.

पुढचे दोन दिवस त्यांनी काय काय केलं ते ताईंनी सांगितलं. कोपऱ्यावर गाडी आली की घरात वाजेल अशी घंटा करायला घेतली. सायलेन्सर थोडा सैल करून पाहिला, तर चौकात पोलिसाने अडवलं. शेवटी ते पुन्हा मनीमाजराला गेले आणि जुनं इंजिन आहे का, परत बसेल का, असं विचारून आले. ते इंजिन केव्हाच कुणाच्या तरी शेतावर पाणी उपसायला गेलं होतं. मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “बाऊजी, ए मशीन दा मसला नहीं ऐ.” हे यंत्राचं काम नव्हे. साडूंनी ते वाक्य मला फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला.

तोडगा काढला तो काकींनी. “हाक मारत ये की,” त्या म्हणाल्या. “तुझा बा वढ्यापासनं हाक मारत यायचा. त्याला कुठं इंजान हुतं?”

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम तिथे होतो. ऑफिसात हळू इंग्रजी बोलणाऱ्या पन्नाशीच्या साहेबाने मोहालीच्या भर वस्तीत गाडीची काच खाली करून आईला हाक मारायची, हे सोपं नव्हे. पहिली हाक त्यांची त्यांनाच ऐकू आली असेल. काकी जागच्या हलल्या नाहीत. साडूंनी गाडी मागे घेतली, पुन्हा कोपऱ्यावर नेली. दुसरी हाक शेजारच्या कुत्र्याला ऐकू गेली. तिसऱ्या वेळेला मात्र त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि लहानपणी रानातून हाळी देत असतील तसा आवाज लावला, “आईऽऽ, आलो गंऽऽ!” समोरच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाई थबकल्या. शेजारच्या पंजाबी आजी कुंपणावरून ओरडल्या, “बेबे जी, आ गया तुहाडा मुंडा!” आणि काकी भिंतीला हात लावत निघाल्या. कडी काढली, बाजूला उभ्या राहिल्या. साडू समोर बघत गाडी आत घेऊन गेले. कान लाल झाले होते त्यांचे. बोचकं कुणी सोडलं, केव्हा सोडलं, मी विचारलं नाही.

दवाखान्याच्या दिवशी मी रजा काढली होती. साडू पुढे, शेजारी काकी, मी मागे. जाताना प्रत्येक सिग्नलवर साडू त्यांच्याकडे बघत, पण काही विचारत नसत. विचारलं तर निकाल बिघडतो. काकींचे हात हँडलवर नव्हते, मांडीवर होते. डॉक्टरांनी तपासलं, चीर भरते आहे म्हणाले, पुढची तारीख दिली. परत निघालो तेव्हा दुपार झाली होती. मार्चमध्ये चंडीगढची झाडं पानं टाकतात. सगळा रस्ता पिवळा होता आणि गाडीपुढे पानं गोळा होऊन धावत होती. मोहालीत शिरलो आणि माझं पुढे लक्ष गेलं. काकींची मान खिडकीकडे कलली होती. तोंड किंचित उघडं होतं. चीर गेल्यापासून त्यांना सलग झोप म्हणून लागली नव्हती, रात्र बसून काढतात, असं ताई सांगायच्या.

घराचं वळण आलं. साडूंनी गाडी हळू केली, आणि वळवली नाही.

“घर गेलं की मागे,” मी म्हणालो.

त्यांनी आरशातून ओठांवर बोट ठेवलं. “थांबलो तर जागी हुईल,” ते कुजबुजले. “लागू दे डोळा जरा.”

पुढच्या चौकाला वळसा घालून आम्ही परत आलो, मग पुन्हा पुढे गेलो, त्या टोकाच्या चौकाला वळसा, पुन्हा परत. सिग्नल असलेला रस्ता ते टाळत होते. मला हा माणूस सतत बोलताना, वाकताना, काहीतरी घासताना ठाऊक होता. तो त्या दुपारी स्टिअरिंगवर दोन हात ठेवून इतका गप्प बसला होता की त्याचं वय मला पहिल्यांदा दिसलं, आणि त्याच्या शेजारी झोपलेल्या बाईचंही. दर फेरीला घराचा रस्ता डाव्या हाताला यायचा आणि निघून जायचा. साडू तिकडे बघत नव्हते.